मायनस २६ च्या रात्री गाडीत राहिलेला अॅम्प्लिफायर: एका हळदीकुंकवाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमेरिकेतल्या मिनेसोटातलं आहे, ट्विन सिटीजच्या (म्हणजे मिनियापोलिस आणि सेंट पॉल) बाहेरच्या एका उपनगरातलं. आमचं काही रजिस्टर्ड मंडळ वगैरे नाही, पस्तीस-चाळीस घरांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे आणि वर्षातून तीनदा हॉल भाड्याने घेऊन आम्ही एकत्र जेवतो, गणपतीत, दिवाळीत आणि संक्रांतीला. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून दोन-चार गोष्टी बदलल्यात, तापमानाचे आकडे मात्र त्या दिवशी फोनमध्ये टिपले होते तसेच ठेवलेत.

संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, म्हणून हॉल मिळेल तो जानेवारीतला शनिवार आम्ही पकडतो, आणि इथली वर्षातली सगळ्यात कडक थंडी साधारण त्याच सुमारास असते. २०१९ च्या ३० जानेवारीला मिनियापोलिसला मायनस ३३ सेल्सिअस झालं होतं ते अजून सगळ्यांच्या लक्षात आहे. आमच्या शनिवारी तेवढं नव्हतं, पहाटे मायनस २६. इथले लोक त्यालाच मायनस १५ म्हणतात कारण फॅरनहाइट, आणि भारतातून आलेल्या आईवडिलांना दोन्ही आकडे सांगितले तरी ते एवढंच विचारतात की म्हणजे फ्रीझरपेक्षा गार का. हो, गार. घरचा फ्रीझर मायनस १८ च्या आसपास असतो.

साऊंडचं काम माझ्याकडे असतं, कारण सामान माझ्याकडे आहे, बाकी काही पात्रता नाही. एक जुना पॉवर अॅम्प्लिफायर, वीसेक वर्षांचा, आत हा मोठा ट्रान्सफॉर्मर, वजन चौदा किलो. दोन स्पीकर, बारा चॅनेलचा मिक्सर, दोन वायरलेस माइक, प्रोजेक्टर, मॅकबुक आणि एक पोर्टेबल हार्ड डिस्क ज्यावर सगळ्या नाचांचे ट्रॅक आणि गेल्या दहा वर्षांचे फोटो होते. शुक्रवारी रात्री एकाच्या बेसमेंटमध्ये रिहर्सल झाली, साडेअकरा वाजले, सगळे दमलेले, आणि मी म्हटलं की उद्या परत उचलायचंच आहे तर आता घरात नेऊन काय करू, राहू दे व्हॅनमध्ये. म्हणून सगळं सामान रात्रभर माझ्या ड्राइव्हवेवर, मिनीव्हॅनच्या मागच्या भागात. गॅरेजमध्येसुद्धा नाही, कारण गॅरेजमध्ये बायकोची गाडी.

आता गंमत बघा, त्याच रिहर्सलनंतर हार्मोनियम आणि तबला ज्यांचे होते त्यांनी ते गोधडीत गुंडाळून, लहान बाळाला नेतात तसं पोटाशी धरून घरात नेले. वाद्याला थंडी लागते हे सगळ्यांना माहीत आहे. अॅम्पला लागते हे कोणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.

अडचण काय झाली

हॉल दीडला उघडला. दोनला दहा कमी असताना सामान आत आलं, कार्यक्रम चारचा. व्हॅनमध्ये पंचवीस मिनिटं हीटर चालू होता पण तो पुढे बसणाऱ्यांसाठी, मागच्या सामानाला त्याचा फार काही उपयोग झाला नसावा. स्टेजच्या कडेला टेबल, त्यावर सगळं मांडलं, प्रोजेक्टरचं झाकण काढलं आणि बघतो तर लेन्स पांढरी. पुसली, दोन सेकंदात परत पांढरी. तोपर्यंत अॅम्पच्या पत्र्यावरही दव धरलं होतं, आणि दहाएक मिनिटांत तर बोट फिरवलं की ओघळ येत होता. फ्रिजमधून काढलेली पाण्याची बाटली जशी घामेजते ना तसंच, पण ह्या बाटलीला १२० व्होल्टची वायर.

कारण शाळेतलंच आहे, दवबिंदू. गरम हवेत पाण्याची वाफ जास्त मावते, २१ अंशांना एक घनमीटर हवेत साधारण १८ ग्रॅम, आणि मायनस २० ला जेमतेम एक ग्रॅम. खोलीतली हवा गार वस्तूला टेकली की टेकलेल्या जागी ती थंड होते आणि मावत नाही ती वाफ पाणी होऊन वस्तूवर बसते. कुठल्या तापमानाला हे सुरू होतं तो त्या खोलीचा त्या वेळचा दवबिंदू. वस्तू त्याच्या वर असेल तर काही होत नाही, खाली असेल तर ओली होते, मधलं काही नाही. आणि हे फक्त बाहेरच्या पत्र्यावर होत नाही, जिथे जिथे जाळी आहे, फट आहे, पंख्याचं भोक आहे तिथून हवा आत जाते आणि आतल्या बोर्डावरही तेच होतं, फक्त ते दिसत नाही.

तसं बघितलं तर नुसत्या थंडीने सामान सहसा मरत नाही. मॅकबुकच्या कागदावर वापरायचं तापमान १० ते ३५ आणि नुसतं ठेवायचं मायनस २५ ते ४५ लिहिलेलं असतं, म्हणजे आम्ही एक अंशाने बाहेर होतो. आणि दवाचं पाणीही तसं स्वच्छच असतं, डिस्टिल्ड वॉटरसारखं, त्यातून वीज फारशी वाहत नाही. पण बोर्डावर धूळ असते, सोल्डरिंगच्या फ्लक्सचे डाग असतात आणि आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ बुटांवरून, गाडीतून सगळीकडे पोचतं, ते त्या पाण्यात विरघळलं की ते पाणी स्वच्छ राहत नाही. ओलं होऊन बंद असतानाच सुकलं तर बहुतेक वेळा काहीही होत नाही. ओलं असताना व्होल्टेज दिलं की मग करंट नको तिथून जातो, बोर्डावरच्या भागांचे पाय गंजतात, धातू एका पायाकडून दुसऱ्या पायाकडे सरकत केसासारखे धागे तयार होतात. म्हणजे खरा प्रश्न बटण कधी दाबायचं एवढाच होता. (जुन्या कॅमकॉर्डरवर ओलावा आला की "ड्यू" असं लुकलुकायचं आणि तो टेप फिरवायचाच नाही, लग्नात व्हिडिओवाले वैतागायचे. निदान त्याला कळत तरी होतं.)

काय काय पर्याय होते

स्टेजपाशी सहाजण जमले आणि सहा मतं पडली.

पहिलं मत सगळ्यात जोरदार होतं, चालू करून टाक, चालू केलं की आतून आपोआप गरम होईल आणि सुकेल. ह्यात तथ्य आहे म्हणूनच ते धोकादायक आहे. आधीपासून चालू असलेलं यंत्र स्वतःच्या गरमीने दवबिंदूच्या वर राहतं, बाहेर थंडीत सतत चालणारी कितीतरी यंत्रं अशीच टिकतात. पण आमचं यंत्र आधीच ओलं होतं, गरम व्हायला त्याला वीसेक मिनिटं लागणार आणि ती वीस मिनिटं ते ओल्या बोर्डावर व्होल्टेज घेऊन बसणार. प्रोजेक्टरचं तर अजूनच, दिवा पेटवताना त्यात हजारो व्होल्टचा झटका बसतो.

दुसरं, एक वहिनी मुलीच्या मेकअपसाठी हेअर ड्रायर घेऊन आल्या होत्या, तो मारूया. ड्रायर हवा गरम करतो, कोरडी नाही करत, खोलीतलीच वाफ जोरात आत ढकलतो. शिवाय एक कोपरा ५० अंश आणि बाकी शून्य अशी अवस्था होते. मी नको म्हटलं आणि थोडा भाव खाल्ला, पण पुढे बघाल मी काय केलं ते.

तिसरं, सगळं परत व्हॅनमध्ये नेऊन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून परत आणायचं. फोटोवाले करतात ती पद्धत, कॅमेरा बाहेर थंडीतच झिपच्या पिशवीत टाकायचा, हवा काढून टाकायची, मग घरात आणायचं. दव पिशवीवर धरतं, आतला कॅमेरा कोरडा. उत्तम पद्धत आहे पण ती आत यायच्या आधी करायची असते. एकदा ओलं झालेलं यंत्र पिशवीत बांधलं म्हणजे ओलाव्याला आतच कोंडलं, आणि बाहेर नेलं तर तेच पाणी बर्फ होणार.

चौथं, कार्यक्रम सहाला सुरू करायचा. हे बोलणाऱ्याकडे हळदीकुंकवाची तयारी करणाऱ्या बायकांनी ज्या नजरेने बघितलं त्यानंतर तो विषय संपला. पाचवं, कोणाच्या तरी घरून पार्टी स्पीकर आणायचा, तो घरातच असल्यामुळे गार नव्हता. आणि सहावं म्हणजे थांबायचं, पण किती थांबायचं ह्याचं उत्तर एकाकडेही नव्हतं. एकजण म्हणाला अर्धा तास, एकजण म्हणाला नेटवर चोवीस तास लिहिलंय.

पहिला निर्णय आणि पहिली चूक

मी ठरवलं की अंदाजावर नको, मोजून बघू. एका वहिनींकडे डोसे काढायचा तवा किती तापला ते बघायला आणलेलं लेझरवालं थर्मामीटर होतं, बंदुकीसारखं, लांबून नेम धरला की आकडा दाखवतं. तीनला पाच मिनिटं होती, मी अॅम्पच्या समोरच्या चकचकीत अॅल्युमिनियमच्या पॅनेलवर नेम धरला, १८ अंश. हात लावून बघितला, फार गार लागला नाही. पत्र्यावरचं पाणी मी टॉवेलने पुसलं होतंच. झालं की मग, खोली २१ आणि हा १८, म्हटलं लावा.

तीन वाजून पाच मिनिटांनी बटण दाबलं. आधी "टक्", मग डाव्या स्पीकरमधून तळणीत पाण्याचा थेंब पडल्यावर होतो तसा तडतडाट, त्याच्या मागे गुंऽऽ असा आवाज चढत गेला, आणि लाल प्रोटेक्टचा दिवा (बिघाड दिसला की यंत्र स्वतःला वाचवायला आवाज तोडतं तो) लागून सगळं गप्प. पाच-सात सेकंदांचा खेळ. मी प्लग ओढून काढला. लावा म्हणणारे पाचजण तेवढ्यात कुठे गेले कळलं नाही.

इथे एक काका कामाला आले. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले, साताऱ्याकडचे, वीज मंडळात सबस्टेशनवर नोकरी झालेली. ते इतका वेळ खुर्चीत बसून तिळगूळ खात होते. उठून आले, माझ्या हातातली बंदूक घेतली आणि म्हणाले, "अरे, तू आरशाचं तापमान मोजलंस." मला आधी कळेना. त्यांनी अॅम्पच्या मागे जाऊन काळ्या हीटसिंकवर (आतली उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) नेम धरला, आकडा आला ४. समोरच्या पॅनेलवर परत १८. एकच यंत्र, एकच मिनिट. मग त्यांनी फुगे चिकटवायला आणलेल्या मास्किंग टेपचा तुकडा त्याच चकचकीत पॅनेलवर चिकटवला, दाबून बसवला, मिनिटभर थांबले आणि टेपवर नेम धरला. ९.

तर हे थर्मामीटर वस्तूतून निघणारे उष्णतेचे किरण बघतं. काळी, खरखरीत, रंगवलेली वस्तू असली तर बरोबर सांगतं, पण चकचकीत धातू स्वतःचं फार कमी सोडतो आणि खोलीचं परावर्तित करतो, म्हणून मला १८ दिसलं ते जास्त करून हॉलच्या भिंतींचं होतं. दुसरी फसवणूक माझ्या हाताची, बाहेरचा पत्रा पातळ असतो तो लवकर गरम होतो, आतला चार-पाच किलोचा ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंकचा ठोकळा मागेच राहतो. हात पत्र्याला लागतो, ठोकळ्याला नाही.

पेल्यातला बर्फ

काकांचं पुढचं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं. "यंत्राचं तापमान कळलं, पण खोलीचं काय? किती अंशाच्या वर गेलं की सुकं, हे कळायला नको?" मी म्हटलं ह्युमिडिटी मीटर नाहीये काका. ते म्हणाले पेला आहे ना.

स्टीलचा पेला घेतला, त्यात नळाचं कोमट पाणी, बाहेरून टेपचा एक तुकडा, आणि किचनमधून बर्फ मागवला. एकेक खडा टाकायचा, चमच्याने ढवळायचं, पेल्याकडे बघत राहायचं आणि टेपवर बंदूक धरायची. १६, काही नाही. १४, १३, स्टील अजून लखलखीत. १२ ला काकूंनी येऊन विचारलं हे काय चाललंय. १० च्या आसपास पेल्याच्या पोटावर अंधुक धुकं आलं, बोटाने रेघ मारली तर रेघ उमटली. मग बर्फ टाकायचा थांबवला, पाणी हळूहळू तापू दिलं, १२ ला धुकं गेलं. म्हणजे दवबिंदू ११ च्या जवळपास. पाच मिनिटांत, एक पेला आणि मूठभर बर्फावर. अॅम्पचा हीटसिंक ४ ला होता, म्हणजे तो अजूनही पाणी ओढतच होता, सुकायची गोष्ट तर लांबच.

आणि इथेच मला उलगडलं की गोंधळ कुठे झाला. मिनेसोटात हिवाळ्यात घराच्या आतली हवा एरवी इतकी कोरडी असते की ओठ फुटतात, दाराच्या कडीला हात लावला की करंट बसतो. रिकामा हॉल दोन वाजता तसाच कोरडा असणार, कारण आलो तेव्हा बाहेरच्या दाराची काच कोरडी होती, मला आठवतंय, कारण त्यावर "वेलकम" चिकटवलं होतं. तीन वाजता त्याच काचेवरून पाण्याचे ओघळ खाली येत होते आणि "वेलकम" मधलं "वेल" गळून पडलं होतं. मधल्या तासात किचनमध्ये मसालेभाताची दोन मोठी पातेली, कटाची आमटी, चहा उकळत होता आणि साठ-सत्तर माणसं येऊन बसली होती, त्यातली निम्मी बूट झटकत बर्फ आत आणत होती. अॅम्प गरम होत होता हे खरं, पण त्याच वेळी दवबिंदूही वर चढत होता आणि आमचं स्टेज नेमकं किचनच्या खिडकीला लागून. म्हणजे किती तास थांबायचं ह्या प्रश्नाला उत्तरच नसतं, दोन आकड्यांची शर्यत असते ती, आणि आमच्याकडे दुसरा आकडा मसालेभात ठरवत होता.

काका म्हणाले आमच्या यार्डातल्या पॅनेलमध्ये स्पेस हीटर कशाला असतो, असाच रात्री आत पाणी सुटू नये म्हणून, आणि पावसाळ्यात पडून राहिलेली मोटर मेगर मारल्याशिवाय, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने बघितल्याशिवाय, चालू करायची नाही. (इलेक्ट्रॉनिक बोर्डाला मेगर मारायचं नसतं हां, ५०० व्होल्टने उरलंसुरलं जाईल, पण मुद्दा तोच, आधी तपास मग बटण.)

मग काय केलं

सामानाचे तीन गट पाडले. अॅम्प, मिक्सर आणि प्रोजेक्टर उघडे होते, ओले झालेले, त्यांना पिशवी नाही, त्यांना कोरडी हवा पाहिजे. मागच्या दारापाशी कोट टांगायची एक छोटी खोली होती, किचनपासून लांब, मध्ये बंद होणारं दार. ती १६ अंशच होती म्हणून आधी कोणाला पटेना की गरम हॉलमधून गार खोलीत का न्यायचं. पण पेल्याचा प्रयोग तिथे केला तर ४ अंशाला सुद्धा धुकं आलं नाही. म्हणजे तिथली हवा कोरडी, ४ अंशाचा हीटसिंकसुद्धा तिथे सुकायला लागणार. एक टेबल फॅन मिळाला, तो त्यांच्यावर सोडला. सगळे प्लग काढलेले, माइकमधले सेल काढलेले, प्रोजेक्टरचं झाकण उघडं.

दुसरा गट लॅपटॉप आणि हार्ड डिस्क. हे नशिबाने वाचलं. दोन्ही बॅकपॅकमध्ये जाड स्लीव्हमध्ये होते आणि आल्यापासून कोणी चेन उघडली नव्हती, तर ती बॅगच पिशवीचं काम करत होती. एकजण म्हणाला बघून घेऊ ना चालतंय का, मी बॅगेवर अक्षरशः बसलो. साध्या हार्ड डिस्कला श्वास घ्यायला बारीक छिद्र असतं, फिल्टर असतो पण वाफेला फिल्टर अडवत नाही, आणि आत हेड तबकडीच्या इतकं जवळून फिरतं की तिथे पाण्याचा अंशही नको. लॅपटॉप चार्जिंगलाही लावू दिला नाही कारण लिथियमची बॅटरी शून्याखाली असताना चार्ज करायची नसते, आतल्या आत धातूचा थर बसतो तो परत निघत नाही. ती तोपर्यंत शून्याच्या वर आली होती का, माहीत नव्हतं, मग कशाला.

तिसरा गट स्पीकर, लाकडी खोकं आणि मॅग्नेट, आत इलेक्ट्रॉनिक्स असं काही नाही, त्यांना पुसून ठेवून दिलं.

आणि आवाजाचं काय, तर ते साऊंडवाल्याने नाही, कार्यक्रमाच्या ताईंनी सोडवलं. त्यांनी विचारलं माइक लागत नाही असं काय काय आहे, आणि स्वतःच उत्तर दिलं. हळदीकुंकू, वाण, उखाणे, बोरन्हाण, सगळं आधी. उखाण्याला माइक दिला तर बायका लाजतात, न दिला तर ओरडून घेतात. पोरांच्या डोक्यावर चुरमुरे, बोरं, हलवा, चॉकलेटं पडत होती तेव्हा कोणाला आठवतही नव्हतं की साऊंड नाहीये. तेवढ्यात एकजण घरून बॅटरीवरचा पार्टी स्पीकर घेऊन आला, बारा मिनिटांवर घर, गाडीत पुढच्या सीटवर ब्लँकेटमध्ये गुंडाळून आणि हीटर त्याच्यावर सोडून. नाचाचे ट्रॅक हार्ड डिस्कवरच अडकलेत म्हणून मी घाम पुसत होतो तर कळलं की प्रत्येक आईच्या फोनमध्ये आपल्या पोराचा ट्रॅक आहेच, दोन महिने घरी त्यावरच प्रॅक्टिस चाललेली.

शेवटी काय झालं

कार्यक्रम चार दहाला सुरू झाला. नाच सव्वापाचला, फोनवरून ब्लूटूथने, एकदा मध्येच एकीला सासूबाईंचा कॉल आला आणि राधा-कृष्ण स्टेजवर तसेच पोझमध्ये उभे राहिले, बाकी ठीक. लॅपटॉपची बॅग पाच वीसला उघडली, टेप लावून मोजलं तर १७, दवबिंदू तोपर्यंत १२, चालू केला, काही झालं नाही. हार्ड डिस्क पण सुखरूप. प्रोजेक्टरच्या लेन्सचं बाहेरचं धुकं लवकर गेलं पण आतल्या भिंगाच्या मागे एक पांढरी चकती दिसत होती, टॉर्च मारला की कळायचं, ती जायला पाच चाळीस झाले. मग लावला, फोटो दाखवले.

अॅम्प पावणेसातला परत लावून बघितला, हीटसिंक १५ ला आल्यावर आणि त्याच कोरड्या खोलीत. प्रोटेक्टचा दिवा दोन-तीन सेकंदांनी गेला, म्हणजे जिवंत होता, पण डाव्या बाजूला गुंऽऽ चालूच. बंद केला. पुढच्या शनिवारी उघडला तर इनपुटच्या बोर्डावर पांढुरका ओघळ वाळलेला आणि स्पीकरच्या रिलेचा (आपोआप चालू-बंद होणारा आतला स्विच) एक पाय हिरवट. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, दोन तास गेले, गुणगुण थांबली. खर्च म्हणाल तर अल्कोहोलची एक बाटली. नशीब म्हणायचं, कारण आउटपुटचे ट्रान्झिस्टर गेले असते तर इतक्या जुन्या मॉडेलचे मिळाले नसते.

आता काय वेगळं करतो

सगळ्यात मोठी चूक शुक्रवारी रात्री साडेअकराला झाली, शनिवारी तीनला नाही, हे मला आता स्पष्ट दिसतं. सामान घरात आणायला दहा मिनिटं लागली असती. पण दमलेला माणूस ते दरवेळी करेलच असं नाही म्हणून आता व्हॅनमध्येच जाड काळ्या कचऱ्याच्या पिशव्या ठेवल्यात, घरी नेणं झालं नाही तर सामान गाडीतच, थंडीतच पिशवीत घालून तोंड बांधायचं आणि हॉलमध्ये गेल्यावर बांधलेलंच ठेवायचं. पिशवीवर बाहेरून फॅन सोडला तर अजून बरं, उष्णता आत जाते, वाफ जात नाही. पिशवी उघडायची ती आतल्या सगळ्यात जड वस्तूवर टेपचा आकडा दवबिंदूच्या तीन-चार अंश वर गेल्यावर. हा टेप मी यंत्राच्या कायम मागच्या बाजूला चिकटवून ठेवलाय, पिशवीला वरून घट्ट दाबून धरलं की अंदाज येतो, अचूक नाही पण माझ्या हातापेक्षा बरा.

दुसरं, स्टेज आणि किचन लांब ठेवायचं, आणि जमत नसेल तर किचनचा एक्झॉस्ट भात चढवायच्या आधी सुरू करायचा. त्या दिवशी तो बंद होता कारण आवाज फार करतो म्हणून.

तीन पाचला बटण दाबलं ते टाळता आलं असतं का, तर हो, मी आकडा मोजला पण कशाशी ताडून बघायचा तेच माझ्याकडे नव्हतं. १८ खरा असता तरी मला दवबिंदू माहीत नव्हता, म्हणजे तो अर्धाच हिशोब होता. ड्रायर नको म्हणताना जेवढी अक्कल दाखवली तेवढी स्वतःच्या थर्मामीटरवर शंका घेताना दाखवायला हवी होती. आणि पार्टी स्पीकर दोन वाजताच मागवायला हवा होता, तीन वीसला नाही, कारण पर्यायी सोय हातात असली की बटण दाबायची घाई होत नाही.

मुंबई-कोकणातल्यांना हे सगळं लांबचं वाटेल, पण जुलैत एसीच्या खोलीतून कॅमेरा घेऊन बाल्कनीत आलात की लेन्सवर वाफ धरते ना, तेच आहे हे. पावसाळ्यात मुंबईचा दवबिंदू २५ च्या आसपास असतो, म्हणजे २२ वर ठेवलेल्या एसीतला कॅमेरा तिथे गारच ठरतो. तिथे पंधरा-वीस मिनिटांत सुटतं, कारण फरक दोन-चार अंशांचा. आमच्याकडे त्याच्या कितीतरी पट.

काका मेमध्ये परत गेले. अॅम्प चालतोय, गणपतीला लावला होता, दिवाळीला पण. डावा व्हॉल्यूम मधल्या जागेवरून फिरवला की थोडा खरखरतो, तो त्या दिवशीच्या पाण्याने की वीस वर्षांच्या वयाने हे काही कळलेलं नाही, संक्रांतीच्या आधी उघडून तो पॉट (व्हॉल्यूमच्या बटणामागचा फिरता भाग) बदलायचाय.